मेन्शियसचे दोन वाचक

ग्रंथपालाने सर्व पुस्तके वाचलेली असतात, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पुस्तक कोठे आहे, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. ते वाचायचे की नाही, हा वाचकाचा प्रश्न. सातारच्या एका महाविद्यालयात काही वर्षे आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत सांगलीच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी हेच काम केले. त्याविषयी लिहावे, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह आहे. आग्रहाला मी सहसा बळी पडत नाही. या वेळी पडलो, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगेन.

माझ्या शिस्तीविषयी सांगलीत बरेच बोलले जात असे. त्यातले पुष्कळसे खरे आहे. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्या सभासदाला मी पुढचे पुस्तक देत नसे. आधी ते पान त्याच्याकडून माझ्यासमोर सरळ करून घेत असे. एका नगरसेवकालाही मी हे करायला लावले होते. त्यांनी ते केले आणि पुढच्या निवडणुकीच्या सभेत माझा उल्लेख ‘दुमडखान’ असा केला. मला ते नाव वावगे वाटले नाही.

दुसरी शिस्त माझ्या स्वतःसाठी होती. न विचारता वाचकाला काही सांगायचे नाही. आणि एका वाचकाने काउंटरवर जे सांगितले, ते दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचे नाही. हे मी सातारला शिकलो. तिथे एक शिक्षक एका लेखिकेच्या कादंबऱ्या मोठ्या निष्ठेने नेत असत. त्यांनी त्या बाईंना पत्रेही लिहिली होती. एके दिवशी माझ्या वरिष्ठांनी भर काउंटरवर, दहा माणसांच्या देखत, त्यांना सांगितले की या बाई म्हणजे भरघोस मिशांचे एक पोस्टमास्तर असून हे त्यांचे टोपणनाव आहे. लोक हसले. शिक्षकही हसले, हातातली कादंबरी काउंटरवर ठेवून निघून गेले आणि पुन्हा कधीही आले नाहीत. माहिती अचूक होती. वाचक मात्र गेला. पुस्तक हरवले तर दुसरे आणता येते.

बाकी गिऱ्हाइके नाना प्रकारची. एक बाई पुस्तकाचे नाव न सांगता ‘निळ्या पुठ्ठ्याचं, ज्यात शेवटी सून सुधारते ते’ असे मागत. अशी सोळा-सतरा तरी पुस्तके निघत. शिराळ्याचे एक गृहस्थ सर्पांवरील सचित्र ग्रंथ घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. ‘चित्रं ब्येस हायत, पण ह्यातला एक बी नाग आमच्याकडचा वाटत न्हाई,’ असा अभिप्राय देऊन त्यांनी कथासंग्रह नेला. ज्याच्याकडे नागपंचमीला जिवंत नागांभोवती अख्खा गाव लोटतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठी धंद्यातली एक बाब समजावून द्यायला हवी.

एका माणसाला अनेक नावे असतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जे नाव छापलेले असते, त्या नावाखाली आम्ही त्या पुस्तकाचे कार्ड करतो. दुसऱ्या नावाने कोणी शोधत आले, तर त्याची वाट चुकू नये म्हणून आणखी एक कार्ड घालतो. त्यावर फक्त ‘अमुक : तमुक पहा’ एवढेच असते. आम्ही त्याला पहा-कार्ड म्हणतो. चौकातल्या बाणासारखे त्याचे काम. ते काहीच सांगत नाही, नुसते तिकडे जा म्हणते. मी हजारो पहा-कार्डे केली असतील. ती कोणी पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही. सांगलीचा वाचक कार्डांचे खण ओढत नाही. तो काउंटरवर येऊन विचारतो.

असेच एक कार्ड मी एका चिनी तत्त्वज्ञाचे केले होते. कन्फ्यूशियसनंतर त्याच्याच परंपरेत होऊन गेलेला हा थोर पुरुष. घराण्याचे नाव मेंग. चिनी लोक त्याला मेंग-त्झू म्हणतात. त्झू म्हणजे गुरुजी. पुढे युरोपातले पाद्री चीनमध्ये गेले. त्यांचा सगळा व्यवहार लॅटिनमध्ये. त्यांनी थोरल्या गुरुजींना कन्फ्यूशियस केले आणि या मेंग गुरुजींना मेन्शियस. चीनमध्ये विचारवंत पुष्कळ झाले, पण हे लॅटिन शेपूट चिकटून राहिले ते मुख्यतः या दोघांनाच. इंग्रजीत तेच नाव रूढ झाले. इतके, की त्याच्या उपदेशाच्या ग्रंथालाही इंग्रजीत मेन्शियसच म्हणतात. म्हणजे लेखक मेन्शियस आणि ग्रंथही मेन्शियस. कार्ड करताना हात एकदा थबकतो.

वाचनालयात या गृहस्थाची दोन पुस्तके होती. एक जुना इंग्रजी अनुवाद, एका निवृत्त न्यायाधीशांच्या संग्रहातून आलेला. कृष्णेच्या एका पुरात त्याची प्रस्तावना भिजून गेली होती. मूळ मजकूर शाबूत होता. त्यावर नाव मेन्शियस. दुसरी मराठी पुस्तिका, चीनमध्ये काही वर्षे काढून आलेल्या एका अभियंत्याने लिहिलेली. तिच्यावर नाव मेंग-त्झू. पहिल्या अर्ध्या भागात गोष्टी, दुसऱ्या अर्ध्यात विचार. दोन पुस्तके, दोन कपाटे, मधे एक पहा-कार्ड. माझ्या बाजूने व्यवस्था चोख होती.

इंग्रजी ग्रंथ वाघमारेसाहेबांनी धरला. हे कोयनानगरच्या प्रकल्प कार्यालयातून नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. वाचनकक्षात ते नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि डोक्यावर कपाट येईल अशा जागी कधीही बसत नसत. कोयनेला इतकी वर्षे काढलेल्या माणसाला त्याचे कारण विचारायचे नसते. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म स्वीकारला होता. धम्माचा मागोवा घेत वाघमारे चिनी प्रवाशांपर्यंत गेले, तेथून चीनच्या इतिहासात शिरले आणि मेन्शियसपाशी थांबले. माणूस मुळात चांगला असतो, हे त्याचे म्हणणे त्यांना पटले होते. विहिरीत पडू घातलेले मूल दिसले, तर कोणाच्याही काळजात चर्र होते आणि तो आधी धावतो, बक्षिसाचा विचार नंतर. हा त्याचा दाखला ते सर्वांना ऐकवीत.

मराठी पुस्तिका कोळेकरांनी धरली. हे जतकडचे. वडील-आजोबा मेंढरे घेऊन फिरणारे. हे लष्करात गेले, हवालदार झाले आणि परत आल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करू लागले. ईशान्येच्या सीमेवर तारेपलीकडचे चिनी शिपाई त्यांनी दोन हिवाळे पाहिले होते. ‘रोज एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं, पन बोलायचं न्हाई. तवाच ठरीवलं, ही मानसं हायत तरी कशी, ते एकदा वाचायचं,’ असे त्यांनी मला सभासद होतानाच सांगितले होते. त्यांना मेंग-त्झूच्या आईची गोष्ट प्रिय होती. या माऊलीने मुलाला चांगले वळण लागावे म्हणून तीनदा घर बदलले. आधी स्मशानाशेजारून, मग बाजारातून, शेवटी शाळेजवळ. त्यावर कोळेकर म्हणत, ‘आमच्या आईनं मेंढरांमागं वर्साला वीस ठिकानी बिऱ्हाड हलीवलं. त्या हिशेबानं मी लय मोठा ज्ञानी व्हाया पायजे हुतो.’

दोघांची ओळख वर्तमानपत्राच्या एका पुरवणीवरून झाली. दोघांनाही ती एकाच वेळी हवी होती. मैत्री झाली आणि महिन्याभरात वादही सुरू झाला. श्रेष्ठ कोण, मेन्शियस की मेंग-त्झू?

वाचनकक्षात शांतता राखणे हे माझे काम. त्या दोघांना मी दहा वेळा तरी उठवून व्हरांड्यात पाठवले असेल. व्हरांड्यात ते अधिक मोकळेपणाने भांडत. वाघमारेंच्या मते मेंग-त्झू हा गोष्टीवेल्हाळ मनुष्य. विचार करणारा तो मेन्शियस. कोळेकरांच्या मते मेन्शियसला आई-बाप, घरदार काही दिसतच नाही, नुसता उपदेश. दोघेही एकाच काळातले आणि एकाच परंपरेतले दिसतात, याची संगती वाघमारेंनी ते गुरुबंधू असावेत अशी लावली. कोळेकरांनी ती सुधारली. मेंग हे गुरुजी. मेन्शियस त्यांच्याकडे शिकायला आला असणार.

एकदा तर ते काठावर आले. मुंबईचे बॉम्बे हे नाव तेव्हा नुकतेच कागदपत्रांतून गेले होते. वाघमारे म्हणाले, ज्याला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले तो जगाचा झाला. तुमच्या मेंग-त्झूला कोण ओळखतो? कोळेकर म्हणाले, ‘आवं सायेब, इंग्रजी नावाचं काय घेऊन बसलाय? त्यास्नी जीभ वळंना की ते नाव बदलत्यात. बॉम्बे गेलं, तसा तुमचा मेन्शियस बी जाईल एक दिवस.’ मी हातातला शिक्का खाली ठेवला. आता कळणार, असे मला वाटले. पण तेवढ्यात चहा आला, आणि ते दोघे मुंबईतल्या भाड्यांवर घसरले.

त्यांनी मला विचारले असते तर मी सांगितले असते. दोघांपैकी कोणीही विचारले नाही. ज्याला खात्री असते तो विचारत नाही.

गोष्ट इथेच राहिली असती तर बिघडले नसते. पण आमचे कार्यवाह उत्साही होते. केबलवरच्या मालिका आल्यापासून वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खुर्च्या रिकाम्या राहत. या दोघांचा वाद ऐकायला व्हरांड्यात माणसे जमतात, हे त्यांनी पाहिले आणि जाहीर वादसभाच ठरवून टाकली. मला कळले ते बाहेर रिक्षा थांब्यासमोर फलक लागल्यावर. ‘मेन्शियस श्रेष्ठ की मेंग-त्झू? सर्वांना मुक्त प्रवेश.’ पेंटरने दोघांची चित्रेही काढली होती. मेन्शियसला कोट होता.

मी फलकापुढे बराच वेळ उभा राहिलो. सभेला महाविद्यालयातले कोणी ना कोणी येणार. तो उठून दोन वाक्यांत सांगणार की हे दोघे एकच. हशा होणार. सांगलीत एखाद्याला एकदा नाव पडले की ते जन्मभर पुरते, हे दुमडखानाला कोणी सांगायला नको. वाघमारे स्वाभिमानी गृहस्थ. पुन्हा पायरी चढले नसते. कोळेकरांना तर रोज यार्डात बसायचे होते. सातारचे ते शिक्षक मला आठवले. माझ्या वाचनालयातले सर्वांत चांगले दोन वाचक एका संध्याकाळी जाणार होते, आणि त्यांची मैत्रीही.

न विचारता सांगायचे नाही, ही शिस्त मोडण्याचा विचार माझ्या मनात आला. मी ती मोडली नाही. त्याऐवजी मी एक नियम तयार केला. दोघांना वेगवेगळे बोलावले आणि सांगितले, ‘प्रतिपक्षाचे पुस्तक पूर्ण वाचल्याखेरीज या वाचनालयात जाहीर वाद करता येत नाही.’ असा नियम नव्हता. पण मी ज्या आवाजात नियम सांगत असे, त्यात तो होता. कोळेकर म्हणाले, ‘मास्तर, इंग्रजी हाय ते. माझं इंग्रजी वायरलेसपुरतं.’ मी त्यांना शब्दकोश दिला. संदर्भग्रंथ कधीही बाहेर देत नसे, तो घरी नेऊ दिला. पुस्तकांची अदलाबदल झाली.

वाघमारे आधी आले. पुस्तिका काउंटरवर ठेवली. पुस्तिकेच्या दुसऱ्या अर्ध्यात, जो भाग कोळेकरांनी ‘तत्त्वज्ञान’ म्हणून सोडून दिला होता, त्यात त्यांना विहिरीकाठचे मूल भेटले होते.

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘होय. कार्ड आहे.’

ते खणांकडे गेले. कार्ड पाहून परत आले. मी कडक उत्तर तयार ठेवले होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘कोळेकरांना सांगू नका. बाजारात बसणारा माणूस आहे. सौद्याला लोक त्यांना रोज डिवचतील. मी बघतो सभेत काय करायचं ते.’

चार दिवसांनी कोळेकर आले. डोळे तांबारलेले. शब्दकोश त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. इंग्रजी ग्रंथात त्यांना एक शेतकरी भेटला होता. रोपे लवकर वाढावीत म्हणून जो ती एकेक करून वर ओढतो आणि सगळे शेत वाळवून बसतो. ही गोष्ट त्यांच्या पुस्तिकेत होती. ती त्यांनी व्हरांड्यात कधी सांगितली नव्हती, कारण त्यांचे निम्मे गिऱ्हाईक शेतकरी.

‘मास्तर, एकच मानूस हाय ह्यो.’

‘होय.’

‘वाघमारे सायबास्नी बोलू नका. रिटायर मानूस, वाचनावरच जगतोय. मनाला लावून घ्येतील.’ मग त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातावर पसरला आणि त्याखाली माझी बोटे दाबली. पूर्वी हळदीचे सौदे असे होत. रुमालाखाली ठरलेला भाव तिसऱ्याला सांगायचा नसे.

एका वाचकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, ही माझी शिस्त. त्या दिवशी ती मला प्रथमच जड गेली.

सभेला दालन भरले. कोळेकर प्रथम बोलले. मेंग गुरुजींची बाजू मांडण्याऐवजी त्यांनी मेन्शियसची स्तुती सुरू केली. इतका बारीक विचार आपण आजवर वाचला नव्हता, वाघमारे सायबांची निवड बरोबर होती, आपण हरलो. टाळ्या पडल्या. वाघमारे उठले आणि म्हणाले की, ज्या मातेने मुलासाठी तीनदा घर हलवले, तिच्या मुलापुढे कोणीही नमते घ्यावे, मेंग-त्झूच श्रेष्ठ. कोळेकरांनी उभे राहून त्याला हरकत घेतली. मग दोघेही आपापल्या पराभवासाठी हट्टाने भांडू लागले. श्रीफळ कोणाला द्यायचे ते कार्यवाहांना कळेना. ते नारळ हातात घेऊन इकडून तिकडे जात राहिले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुंडासेवाला उठला. हळद घेऊन आलेला, सकाळच्या सौद्यापर्यंत वेळ काढायला कोळेकरांबरोबर आलेला शेतकरी.

‘आवं, ह्यो बी त्येच म्हनतोय आन् त्यो बी त्येच. दोघं येकच सांगत्यात की. मग भांडान कशापायी?’

मी काउंटरची कड धरली. वाघमारेंनी कोळेकरांकडे पाहिले, ते सावरतात की नाही म्हणून. कोळेकरांनी वाघमारेंकडे पाहिले, त्याच कारणासाठी.

वाघमारे म्हणाले, ‘शहाणी माणसं निरनिराळं कशाला सांगतील?’

‘तर वो,’ कोळेकर लगेच म्हणाले. ‘पोरगं हिरीत पडाया लागल्यावर चीन काय आन् जत काय. जो बघंल त्यो पळनारच.’

लोक हसले, पण ते हसणे वेगळे होते. कार्यवाहांनी नारळ तिथेच फोडला आणि खोबरे सर्वांना वाटले. महाविद्यालयातले एक प्राध्यापक दुसऱ्या रांगेत बसलेले होते. ते माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी खोबरे तोंडात टाकले.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत दोघांचा वाद चालू राहिला. आता दोघांनाही खरे ठाऊक होते आणि समोरच्याला ते ठाऊक नाही, अशी दोघांची खात्री होती. प्रत्येक जण दुसऱ्याला जपून भांडत असे. माणूस मुळात चांगला असतो की नाही, याविषयी माझे काही मत नव्हते. त्या व्हरांड्यात मला ते बनवावे लागले.

कोळेकर गेले त्याला आता काही वर्षे झाली. जाण्याआधी मी त्यांना घरी भेटलो. निघताना त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. म्हणाले, ‘मास्तर, मी गेल्यावर बी सायबास्नी तोंडानं सांगू नका. वाचून कळलं तर कळू द्या. मला बी कुनी सांगितलं न्हवतं, वाचूनच कळलं.’

तेराव्याच्या दिवशी वाघमारे मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘बरं झालं आपण सांगितलं नाही. गेला बिचारा, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.’ मी ‘होय’ म्हणालो. याहून अवघड शब्द मी नोकरीत उच्चारला नव्हता.

वाघमारेसाहेब आता पुण्याला लेकीकडे असतात. दृष्टी अधू झाली आहे, पण भिंग लावून दिवाळी अंक अजून पहिल्या पानापासून वाचतात, असे त्यांच्या पत्रावरून कळते. मी त्यांना तोंडाने काही सांगितलेले नाही. हा अंक छापून आला की त्याची एक प्रत त्यांना पाठवीन. भिंगाने शोधायला त्रास पडू नये म्हणून या पानाचा कोपरा दुमडून पाठवीन.